लहान करून आणा

लहानपणापासून मला भेटलेला प्रत्येक वडीलधारा माणूस एकच आशीर्वाद देत आला, "मोठा हो." त्या आशीर्वादाचा मान राखून मी जमेल तेवढा मोठा झालो. म्हणजे बी.कॉम. झालो, बँकेत कारकून झालो, आणि गेल्या काही वर्षांत कमरेच्या बाजूनेही बराच मोठा झालो. आता चाळिशी उलटल्यावर मात्र जो भेटतो तो मला एकच गोष्ट सांगतो, "लहान करून आणा."

काय लहान करून आणा? फोटो! मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरा, फोटो ५० केबीच्या आत. परीक्षेचा अर्ज भरा, सही २० केबीच्या आत. केबी म्हणजे काय हे ज्यांना अजून ठाऊक नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो, किलोबाइट. फोनने काढलेला एक साधा फोटो तीन-चार हजार केबींचा सहज भरतो. त्याला पन्नासात बसवायचं म्हणजे मला माझ्या लग्नातल्या कोटात बसवण्यासारखं आहे. होईल, पण पद्धत माहीत पाहिजे.

या विषयावर माझी दोन ठाम मतं आहेत. बँकेत मला कोणी मत विचारत नाही आणि घरी दिलेलं कोणी घेत नाही, म्हणून ती इथे मांडतो. पहिलं मत असं, की फोटो लहान करायचेच असतील तर माउस फिरवत एकेक करू नयेत. एक ओळ लिहून गठ्ठ्याने करावेत. आणि दुसरं असं, की मुळात ते आपण का करावेत?

पहिल्या मताची उत्पत्ती आमच्या गृहसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवात आहे. स्मरणिका काढायची ठरली. जुने अल्बम बाहेर आले, फोनने त्यांचे फोटो काढले गेले आणि मोजदाद झाली तेव्हा ते ४१२ भरले. प्रत्येक फोटो रुंदीला ४००० ठिपके, उंचीला ३००० ठिपके. म्हणजे एका फोटोत एक कोटी वीस लाख ठिपके. आमच्या संस्थेच्या शिलकीतही एवढी रक्कम कधी नव्हती. छापायचे निवडक फोटो मोठेच राहणार होते, पण सभासदांना फोनवर पाठवायला सगळेच लहान हवे होते. सेक्रेटरींनी तोडगा काढला, "आपण तिघांनी वाटून घेऊ. एकेकाला १३७. उरलेला एक मी करीन."

मी कॉमर्सचा माणूस. आधी हिशेब मांडला. फोटो उघडायचा, आकार बदलायची जागा शोधायची, आकडा टाकायचा, नवं नाव द्यायचं, ठेवायचा, बंद करायचा. सरासरी दीड मिनिट. ४१२ फोटोंना ६१८ मिनिटं. म्हणजे दहा तास अठरा मिनिटं, चहा, तंबाखू आणि "हा कोण रे?" ही चर्चा वगळून. चर्चा धरली तर पुढचा सुवर्णमहोत्सव उजाडला असता.

त्या रविवारी भाची आली होती. कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. आमच्या जुन्या संगणकात तिने आधीच लिनक्स घालून ठेवलं होतं. माझं एकोणिसावं कन्यारत्न, म्हणजे एकोणिसावा फोटो, लहान होत असताना ती मागे उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, हे काय हमालासारखं करतोयस? सरक."

तिने एक काळी खिडकी उघडली. चित्र नाही, बटण नाही, नुसती काळी पाटी आणि तिच्यावर लुकलुकणारी एक रेघ. आधी तिने 'छोटे' नावाचं एक रिकामं खातं उघडलं, आणि मग एकच ओळ टाइप केली. मराठीत वाचायची तर ती अशी, "मॉग्रिफाय, पाथ छोटे, रिसाइझ ८०० बाय ८००, चांदणी टिंब जेपीजी." चांदणी म्हणजे काहीही, म्हणजे नाव काहीही असो, शेवटी जेपीजी असलेले झाडून सगळे. मग एंटरचं बटण दाबलं आणि म्हणाली, "चहा टाक." चहाला उकळी येते न येते तोच ४१२ फोटो लहान होऊन 'छोटे'मध्ये ओळीने बसले होते. मी दूध घालायचं विसरलो.

या करामतीचं नाव इमेजमॅजिक. १९८७ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत काम करणाऱ्या जॉन क्रिस्टी नावाच्या माणसाने ती सुरू केली. तेव्हा त्याची अडचण साधी होती. लाखो रंगांची चित्रं २५६ रंगांच्या पडद्यावर दाखवायची होती. १९९० साली ती सर्वांसाठी फुकट खुली झाली. बोधचिन्हावर चक्क एक जादूगार आहे. हल्लीच्या आवृत्तीत आज्ञेच्या सुरुवातीला 'मॅजिक' हा शब्द लिहितात. आमच्याकडे गल्लीतला जादूगार 'आबरा का डाबरा' म्हणतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे पोतडीतून जे निघतं ते खरं असतं.

आता ही ओळ किती शहाणी आहे ते बघा. ८०० बाय ८०० सांगितलं म्हणून तिने फोटो चौकोनी केले नाहीत. आठशेच्या चौकटीत मावेल एवढाच, पण मूळचं प्रमाण राखून, प्रत्येक फोटो ८०० बाय ६०० झाला. ठिपके पंचविसाव्या हिश्श्यावर आले, पण कोणाचं नाक वाकडं झालं नाही. आकड्यांपुढे उद्गारचिन्ह टाकलं तरच ती प्रमाण मोडते. मी कुतूहल म्हणून दुसऱ्या खात्यात ते टाकून पाहिलं. रुंदी पाच पटींनी घटली, उंची पावणेचार पटींनी. आणि गृहसंस्थेचे समस्त सभासद एका क्षणात उंच आणि सडपातळ झाले. सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हेच छापा." समितीत त्यावर मतदान घ्यावं लागलं. ठराव दोन मतांनी पडला, पण मला अजून वाटतं की मतमोजणी फेर व्हायला हवी होती.

इथे मला विरोधक भेटतात. पहिला विरोधक म्हणतो, "ते काळ्या खिडकीचं काम तज्ज्ञांचं. आपल्यासारख्यांना चित्र बघून बटण दाबणंच बरं." मी म्हणतो, गृहस्थहो, आपण लिहिता-वाचता येणारी माणसं. निरक्षर माणसाला चित्र दाखवून बोट ठेवायला लावतात. ज्याला लिहिता येतं तो अर्ज लिहितो. ती ओळ म्हणजे यंत्राला केलेला अर्ज आहे. विषय काय, कोणाचा, किती, कुठे पाठवायचा. माझ्यासारख्या कारकुनाला याहून ओळखीचा लेखनप्रकार जगात दुसरा नाही. थोडं शुद्धलेखन सांभाळावं लागतं, हे कबूल. फक्त मोठेच फोटो लहान करायचे असतील तर आकड्यांपुढे 'पेक्षा मोठा' हे चिन्ह टाकतात आणि ते अवतरणचिन्हांत ठेवावं लागतं; नाहीतर खिडकी समजते की पुढचं सगळं एखाद्या फायलीत लिहून ठेवायचं आहे. पण कर्जाच्या अर्जात एक 'फक्त' लिहायचं राहिलं तर आमचे अकाउंटंट काय करतात ते तुम्ही पाहिलेलं नाही. त्या मानाने काळी खिडकी दयाळू आहे.

दुसरा विरोधक अधिक पोचलेला असतो. तो विचारतो, "चूक झाली तर?" त्याला उत्तर द्यायचं तर मला माझी स्वतःची चूक सांगावी लागेल. सांगतो.

भाची गेल्यावर महिन्याभराने मी अण्णांचे फोटो काढायला बसलो. अण्णा म्हणजे माझे वडील. तालुक्याच्या शाळेत हेडमास्तर होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. घरच्या अल्बमला वाळवी लागलेली. तो फेकून देण्यापूर्वी मी एकेक फोटो पुसून, उन्हात धरून, फोनने टिपून घेतला होता. एकूण ६१ फोटो. भावाबहिणींना पाठवायचे तर जरा लहान करावेत, २००० ठिपक्यांत बसतील एवढे, असा विचार केला. काळी खिडकी उघडली. ओळ पाठ होती. त्यातलं 'पाथ छोटे' मला उगीच लांबण वाटलं. पत्रात 'कळावे, लोभ असावा' असतं तसलं काहीतरी. ते गाळलं. आणि २००० लिहिताना एक शून्य कमी पडलं.

एंटर.

मॉग्रिफायचा नियम असा, की वेगळी जागा सांगितली नाही तर ती मूळ फोटोवरच नवा फोटो लिहिते. विचारत नाही. मी फोटो उघडून पाहिले तर अण्णा पोस्टाच्या तिकिटाएवढे झाले होते. शाळेच्या पायरीवरचे अण्णा, मला कडेवर घेतलेले अण्णा, आईबरोबर पंढरपूरला चंद्रभागेत उभे असलेले अण्णा; सगळे २०० ठिपक्यांत. मी घाईघाईने उलट ओळ लिहिली, २०० चे २००० करा. केले की तिने! पण गेलेले ठिपके परत आणायचे कुठून? धुक्यातून कोणीतरी माणूस बघतोय एवढंच दिसत होतं. भाचीला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मामा, कॉपी नव्हती?"

मी बँकेत कारकून आहे. एका शून्याची किंमत मला कळत नाही असं नाही. दिवसअखेर एका शून्यासाठी आम्ही रात्री नऊपर्यंत बसलो आहोत. आणि त्याहून मोठी गोष्ट, आमच्या धंद्यातला पहिला नियम मी मोडला होता. लेजरमधली मूळ नोंद कधी खोडायची नाही. चुकली तर उलट नोंद करायची, शेरा लिहायचा, पण मूळ आकडा जागेवर दिसला पाहिजे. हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. दुसऱ्यांच्या पैशांच्या बाबतीत मी तो नियम वीस वर्षं पाळला आणि स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत मोडला.

दुसरा विरोधक इथे विजयाने हसतो. "बघा! माउसवाल्याने निदान 'नक्की का?' असं विचारलं तरी असतं." हो, विचारलं असतं, आणि मी न वाचता 'होय' म्हटलं असतं. मी रोज पाहतो ना! आमच्याकडे माणसं फुलीची खूण केली तिथे सह्या करतात. मी कर्जाच्या कागदावर त्यांना हात जोडून सांगतो, "वाचून घ्या." ती म्हणतात, "तुम्ही आहात ना!" ज्याला न वाचता होय म्हणायचं आहे त्याला दहादा विचारलं तरी तो दहादा होय म्हणेल.

उलट काळ्या खिडकीने माझ्यासाठी एक गोष्ट केली. वरच्या बाणाचं बटण दाबलं की तुम्ही मघाशी काय लिहिलंत ते ती जसंच्या तसं दाखवते. माझी ओळ समोर उभी होती. २०० बाय २००. पाथ नाही. म्हणजे व्हाउचर शाबूत होतं, त्यावर रक्कम होती आणि ती माझ्या हातची होती. माउसने केलेल्या चुकीचं व्हाउचर नसतं. तिथे "कसं काय झालं कोण जाणे" म्हणायची सोय असते. ही सोय ज्याला हवी आहे त्याने खुशाल माउस फिरवावा. मला पुढच्या वेळी काय करू नये हे त्या एका ओळीने शिकवलं. आता माझी ओळ नेहमी पाथसकट असते आणि तिच्या आधी मूळ फोटोंची प्रत काढून ठेवायची दुसरी ओळ असते. लोभ असावा हे शब्द पत्रात उगीच नसतात.

आणि हो, ६१ पैकी एक फोटो वाचला. का वाचला? मी लिहिलं होतं चांदणी टिंब जेपीजी, लहान अक्षरांत. तो एक फोटो माझ्या मेहुण्याच्या जुन्या कॅमेऱ्यातून आलेला, आणि त्या कॅमेऱ्याला जेपीजी कॅपिटल अक्षरांत लिहायची खोड होती. लिनक्सला लहान आणि मोठं अक्षर ही दोन वेगळी माणसं वाटतात, म्हणून त्या फोटोला तिने हात लावला नाही. त्यात अण्णा हसत आहेत. आयुष्यभर आम्हा मुलांना ते मोठ्या अक्षरात लिहा, स्वच्छ लिहा म्हणून बजावत आले. शेवटी मोठ्या अक्षरांनीच त्यांना वाचवलं.

असो. आता दुसऱ्या मताकडे येतो, कारण खरं भांडण तिथे आहे.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आईचं पासबुक भरून घ्यायला काउंटरवर आली. पासबुक झालं तरी हलेना. मग हळूच म्हणाली, "सर, इथे फोटो लहान करून मिळेल का?" नोकरीच्या परीक्षेचा अर्ज, त्याच रात्री मुदत संपत होती. फोटो २०० बाय २३० ठिपके आणि २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० आणि १० ते २० केबी. तीनदा अर्ज परत फिरला होता. बँकेच्या यंत्रात बाहेरचं काही घालायची आम्हाला बंदी, म्हणून तिला संध्याकाळी आईला घेऊन घरी बोलावलं. मी ओळ लिहिली. फोटो झाला १४ केबी. अर्ज म्हणाला, फोटो फार लहान आहे! म्हणजे लहान हवा, पण फार लहान नको. स्थळ सुचवणाऱ्या मावशींच्या अटींसारखं. मग दर्जाचा आकडा वाढवून फोटो ३१ केबीवर आणला, सही १२ वर, आणि साडेनवाला अर्ज गेला. तिच्या आईने माझ्या बायकोला सांगितलं, "दिवसभर पोरगी जेवली नाही हो."

त्या पोरीने मला आणखी एक गोष्ट सांगितली. माझ्याकडे यायच्या आधी तिने आपला फोटो, आपली सही आणि दुसऱ्या एका अर्जासाठी आधार कार्डसुद्धा, 'मोफत लहान करून देतो' म्हणणाऱ्या कुठल्याशा जागी चढवलं होतं. ती जागा कोणाची, कुठली, तिथे त्या कागदांचं पुढे काय होतं, तिला ठाऊक नाही, मलाही नाही. बँकेत आम्ही ग्राहकाची सही कुलपात ठेवतो, दिव्याखाली धरून ताडून बघतो. तीच सही लेकरं अनोळखी माणसाच्या हातात देतात, का? तर ती वीस केबीत बसत नाही म्हणून. ज्याने वीसची अट घातली त्याने हा विचार केला होता का?

आता मला सांगा, जे काम एक ओळ करते, जी ओळ १९९० पासून फुकट मिळते, ती ओळ अर्ज घेणाऱ्याच्या यंत्रात का नको? दहा लाख अर्ज आले, तर पन्नास केबीच्या हिशेबाने फोटोंना ५० जीबी जागा लागेल, आणि मोठेच फोटो ठेवले तर कितीतरी पट, असं कोणी म्हणेल. मान्य! पण मोठे फोटो ठेवा असं म्हणतं कोण? घ्या, लहान करा, लहान तेवढा ठेवा. "खेड्यात नेट मंद, मोठा फोटो चढणार कसा?" हेही मान्य. पण अर्जाचं पान फोनमध्ये उघडलेलं असतं. पाठवण्यापूर्वी तिथेच फोटो लहान करून घेणं त्याला शक्य असतं. तशी सोय करायला एका माणसाला चार दिवस लागतील. ती न केल्यामुळे दहा लाख माणसांची एकेक संध्याकाळ जाते. हा हिशेब कुठल्या कॉमर्समध्ये बसतो?

आमच्याकडे माणूस चुरगळलेल्या नोटा घेऊन येतो. आम्ही त्याला "इस्त्री करून, शंभराचा गठ्ठा बांधून, पट्टी लावून आणा" म्हणत नाही. आम्ही मोजतो, आम्ही बांधतो, कारण गठ्ठा आम्हाला हवा असतो. शिंपी गिऱ्हाइकाला "छाती अडतीस करून या" म्हणत नाही. ज्याला जे माप हवं त्याने ते आपल्या घरी करून घ्यावं, एवढीच माझी मागणी आहे.

आमच्या आधीच्या पिढीने बँकेत यंत्रांना कडाडून विरोध केला. १९८३ साली संघटनांनी बँकांशी करार केला आणि मग ती हळूहळू आत आली. त्या लोकांची भीती होती की यंत्र माणसाचं काम काढून घेईल. साधी माणसं! यंत्र आपलंच काम उलट माणसाला देईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

परवा अण्णांच्या शाळेकडून निरोप आला. हॉलमध्ये जुन्या हेडमास्तरांची माहिती लावायची आहे, अण्णांचा एक चांगला फोटो पाठवा. खाली ठरलेली तळटीप, "१०० केबीच्या आत." मी काळी खिडकी उघडली. आधी प्रत काढली. मग प्रत लहान केली, वेगळ्या खात्यात, पाथसकट, शून्यं दोनदा मोजून. शाळेला हवे तेवढे अण्णा शाळेला गेले.

घरातले अण्णा आहेत तेवढेच आहेत.